सत्रभरासाठी पोर्तुगालला जाताय? आधी क्रेडिटचं बघा

एक्सचेंज म्हणजे पदवी गोव्याचीच, एक सत्र तेवढं तिकडच्या विद्यापीठात. फी इथे भरायची, नाव इथल्याच पटावर राहतं, आणि तिकडे केलेले विषय परत आल्यावर आपल्या गुणपत्रिकेत चढवून घ्यायचे. यातलं शेवटचं काम सगळ्यात किचकट, आणि नेमकं तेच सगळे मागे ढकलतात. निवडीचा मेल आला की घरात जॅकेट, सूटकेस आणि तिकिटावरच बोलणं सुरू होतं. तिकडच्या कोणत्या विषयाच्या बदल्यात इथला कोणता पेपर धरला जाणार, हे विचारायला विभागप्रमुखांच्या केबिनची पायरी कुणी चढत नाही. मग सहा महिन्यांनी फोटो भरपूर असतात आणि गुणपत्रिकेत सत्र रिकामं. म्हणून खाली कामं ज्या क्रमाने दिली आहेत, त्याच क्रमाने उरकावीत असं माझं म्हणणं आहे.

लेख पोर्तुगाल धरून लिहिला आहे, कारण गोव्यातून जाणाऱ्याला तो देश कागदोपत्री जवळचा पडतो. पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास आहे, भाषेचे वर्ग पणजीतच चालतात, गोवा विद्यापीठात तर पोर्तुगीज एमएपर्यंत शिकता येतं. जर्मनी-फ्रान्सला जाणाऱ्यांना क्रेडिट, नावं आणि गुण हे भाग तसेच लागू पडतील. व्हिसाचे नियम मात्र ज्या त्या देशाचे बघावेत.

सत्र कोणतं निवडायचं

पोर्तुगालमध्ये पहिलं सत्र सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतं आणि परीक्षा धरून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतं. दुसरं फेब्रुवारीत सुरू होऊन जून-जुलैत आटोपतं. आपलं वर्ष जून-जुलैत उघडतं आणि दुसरं सत्र साधारण डिसेंबरला लागतं. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. पहिल्या सत्राला गेलात तर इथले दोन-अडीच महिन्यांचे तास आणि आयएसए (सत्रांतर्गत परीक्षा) करून ते अर्धवट सोडावे लागतात. परत येता तेव्हा पुढच्या सत्राचे दोन महिने उलटून गेलेले असतात आणि 75 टक्के हजेरीचा प्रश्न दारात उभा असतो. दुसऱ्या सत्राला गेलात तर इथलं नुकसान महिन्या-दीड महिन्याचं, आणि परतताना नवं वर्ष जेमतेम सुरू झालेलं असतं.

त्यामुळे पर्याय असेल तर फेब्रुवारीचं सत्र घ्या. शिवाय चतुर्थी घरी मिळते, ही गोष्ट लहान समजू नका. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे तिकडे वर्ग सुरू होण्याच्या ऐन तोंडावर. अशा वर्षी घरच्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना आजीचा अबोला ठरलेला.

तारखा उलट्या मोजायच्या. फेब्रुवारीला जायचं तर यजमान विद्यापीठाकडे आपल्या विद्यापीठाने तुमचं नाव कळवण्याचं काम, ज्याला नॉमिनेशन म्हणतात, ते साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतं. त्याआधी विद्यापीठांतर्गत निवड, त्याआधी सूचना. म्हणजे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय संबंध बघणाऱ्या कार्यालयात पहिली चक्कर जूनमध्येच मारायला हवी. कुठल्या विद्यापीठांशी करार चालू आहेत, ते कोणत्या विषयांसाठी आणि कोणत्या पातळीसाठी आहेत, जागा किती, शिष्यवृत्ती सोबत आहे की फक्त फीमाफी, हे चार प्रश्न विचारा. इरास्मस या युरोपीय संघाच्या योजनेतल्या शिष्यवृत्तीत महिन्याचा खर्च आणि प्रवासभाडं दोन्ही येतं. नुसत्या द्विपक्षीय करारात बहुधा तिकडची फी तेवढी माफ असते. दोन्हींना ‘एक्सचेंज’च म्हणतात, पण घरच्या बजेटच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एजंट लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट करून देणाऱ्यांची गोव्यात रांग आहे आणि त्यांपैकी काही जण ‘स्टुडंट व्हिसाचंपण बघतो’ म्हणतात. एक्सचेंजचा सगळा व्यवहार दोन विद्यापीठं आणि एक विद्यार्थी यांच्यात होतो. मधल्या माणसाला त्यात करण्यासारखं काही नसतं.

क्रेडिटचा करार, सगळ्यात आधी

या कागदाचं नाव लर्निंग ॲग्रीमेंट. त्यावर तीन सह्या असतात: तुमची, आपल्या विद्यापीठाची, तिकडच्या विद्यापीठाची. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथे काय धरलं जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं. पहिला भाग मुलं मन लावून भरतात. दुसरा भाग ‘नंतर बघू’ म्हणून मोघम सोडतात आणि तिथेच फसतात.

हिशेब समजून घ्या. युरोपात ईसीटीएस नावाची पद्धत आहे. वर्षाला 60, सत्राला 30. एका ईसीटीएसमागे 25 ते 30 तासांचं काम धरलेलं असतं, आणि त्यात वर्ग, वाचन, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला 40 क्रेडिट, म्हणजे सत्राला 20. तेव्हा ढोबळ प्रमाण दीडास एक. तिकडचा 6 ईसीटीएसचा विषय आपल्या 4 क्रेडिटच्या पेपरासमोर नीट बसतो.

गोची होते ती 5 ईसीटीएसच्या विषयांची. काही विद्यापीठांत सगळे विषय 5 चे असतात. असे सहा घेतले की 30 पुरे होतात, पण प्रत्येकाचे आपल्याकडचे क्रेडिट भरतात 3.33. चार क्रेडिटच्या पेपरासमोर तो विषय तोकडा पडतो, आणि परत आल्यावर एखादा कारकून कॅलक्युलेटर पुढे करून ‘हे बसत नाही’ म्हणतो. त्याचं म्हणणं नियमाने बरोबरही असतं. यावरचा उपाय जाण्याआधी करायचा: पेपराला पेपर लावण्याऐवजी गठ्ठ्याला गठ्ठा लावून घ्या. ‘या 30 ईसीटीएसच्या बदल्यात या सत्राचे 20 क्रेडिट’ असं एकच वाक्य करारात लिहून त्यावर सही घ्या. सक्तीचा पेपर असेल तर तेवढा वेगळा काढा आणि त्याला साजेसा विषय तिकडे आहे का ते अभ्यासक्रम उघडून बघा. शीर्षकावर जाऊ नका. शीर्षक एकच असतं आणि आत वेगळंच शिकवतात.

गुणांचंही तसंच. पोर्तुगालमध्ये 0 ते 20 अशी श्रेणी आहे आणि 10 ला पास. आपल्या डोक्यात 20 पैकी 14 म्हणजे 70 टक्के, ‘ठीक आहे’. तिकडे 14 हा चांगला गुण समजतात, 16-17 ला शाबासकी मिळते आणि 20 जवळपास कुणालाच देत नाहीत. सरळ पाचाने गुणलं तर हुशार मुलाचा सीजीपीए खाली येतो. म्हणून रूपांतराचा तक्ता कोणता वापरणार, हेही आधी लेखी घ्या. काही विभाग तिकडचे गुण न चढवता फक्त ‘उत्तीर्ण’ धरून क्रेडिट देतात. पुढे नोकरीसाठी किंवा पीएचडीसाठी सीजीपीए महत्त्वाचा असेल तर हा मार्ग बरा पडतो. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा, पण ठरवा आधी.

तिकडे पोचल्यावर विषय बदलावे लागणं अगदी नेहमीचं आहे. एखाद्या विषयाला पुरेशी मुलं येत नाहीत, दोन तास एकाच वेळी येतात, इंग्रजीतून म्हणून जाहीर केलेला विषय प्रत्यक्षात पोर्तुगीजमधून निघतो. असे बदल सत्र सुरू झाल्यापासून साधारण पाच आठवड्यांत करारात नोंदवायचे असतात, आणि त्यावर पुन्हा तिन्ही सह्या लागतात. म्हणून इथल्या ज्या प्राध्यापकांकडे सहीचा अधिकार आहे त्यांचा मेल, आणि जमल्यास त्यांच्या कार्यालयातल्या माणसाचा मोबाइल नंबर घेऊन ठेवा. ताळगाव पठारावरची, म्हणजे गोवा विद्यापीठातली फाइल लिस्बनमधून हलवायची म्हणजे तिथे कुणीतरी आपला माणूस हवा.

नावांचा घोळ

हा प्रकार खास आपल्याकडचा आहे आणि व्हिसाच्या काउंटरवर पोचण्याआधी मिटवायचा असतो.

गोव्यात एकाच घरात एकाच आडनावाची तीन स्पेलिंग सापडतात. आजोबांच्या नोंदीत ‘नाईक’चा शेवट क्यू-यू-ई असा, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसता के, आणि तुमच्या आधारवर मध्ये एक आय जास्त. गावकरांचंही तसंच: कुठे जी-ए-ओ-एन, कुठे जी-ए-यू-एन. इथल्या माणसाला हे सगळं एकच दिसतं. पोर्तुगीज कारकुनाला ती दोन माणसं दिसतात, आणि गंमत म्हणजे जुनं स्पेलिंग त्यांनीच घालून दिलेलं असतं.

दुसरा घोळ आईच्या नावाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतंच, अनेक घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. तुमच्या जन्मदाखल्यावर आई माहेरच्या नावाने, दहावीच्या प्रमाणपत्रावर सासरच्या, आणि तिच्या स्वतःच्या बँकेच्या खात्यावर तिसऱ्याच कशाने. पोर्तुगालच्या कितीतरी अर्जांत आई-वडिलांची पूर्ण नावं मागतात, आणि खर्चाची हमी आईच्या खात्यावरून देणार असाल तर ती तुमची आई आहे हे कागदाने सिद्ध करावं लागतं.

काय करायचं: जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट आणि विद्यापीठाचं ओळखपत्र एका टेबलावर मांडा आणि अक्षरं जुळवा. फरक किरकोळ असेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र बहुधा चालून जातं. आईचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. फरक मोठा असेल, म्हणजे नावच वेगळं असेल, तर प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. नाव-आडनाव बदलासाठी गोव्याचा 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याप्रमाणे रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ जातो. हे जूनमध्ये लक्षात आलं तर निभावतं, डिसेंबरमध्ये आलं तर सत्र हुकतं.

पासपोर्ट नसेलच तर तो लगेच काढा. 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये, तत्काळला त्यावर 2,000. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. ज्यांच्या पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं आहे, त्यांना विमानाच्या तिकिटापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडे स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

व्हिसा

शेंगेनचा पर्यटक व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचाच असतो, सत्र त्यापेक्षा मोठं. म्हणून राष्ट्रीय व्हिसा लागतो. एका सत्रासाठी बहुधा तात्पुरत्या वास्तव्याचा, वर्षभर राहणाऱ्यांसाठी निवासाचा. निवासाचा व्हिसा घेतला तर तिकडे गेल्यावर निवास परवान्यासाठी आयमा या परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे जावं लागतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सेफ या जुन्या संस्थेची जागा तिने घेतली, आणि तिच्याकडे अर्जांचा मोठा ढीग साचलेला आहे. सत्रापुरतं जाणाऱ्याने त्या रांगेत न लागलेलंच बरं. तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा मिळत असेल तर तोच मागा.

लागणारे मुख्य कागद असे: यजमान विद्यापीठाचं स्वीकृतीपत्र, शिष्यवृत्तीचं पत्र किंवा खर्चाची हमी, राहण्याच्या जागेचा पुरावा, किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, आणि पोलिस क्लिअरन्स. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून काढायचा, फी 500 रुपये. त्यासाठी तुमच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याची पडताळणी होते, म्हणून फोन उचलत राहा. कॉन्स्टेबल घरी येऊन गेला आणि तुम्ही ताळगावला वर्गात होता, असं झालं की आठवडा गेला.

त्या क्लिअरन्सवर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का लागतो. भारत 2005 पासून अपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा तो शिक्का पोर्तुगालमध्ये थेट चालतो. शैक्षणिक कागदांवरही मागितला तर आधी राज्य पातळीवरची साक्षांकनाची पायरी असते, मग मंत्रालय. कुठल्या कागदावर हवं ते आधी विचारा. सरसकट सगळ्यांवर शिक्के मारून आणणारे पालक मी पाहिले आहेत. पैसे गेले, उपयोग शून्य.

बँकेच्या स्टेटमेंटबद्दल एकच सांगते. अर्जाच्या आठवडाभर आधी मामाकडून आलेली मोठी रक्कम कुणालाही ओळखू येते. पतसंस्थेत ठेव असेल तर ती चार-सहा महिने आधी राष्ट्रीयीकृत बँकेत आणून ठेवा. अर्ज पणजीत देता येतो, आणि बाकी देशांना जाणाऱ्या तुमच्या मित्रांच्या मुंबईच्या खेपा बघता ही मोठीच सोय आहे. निकालाला दीड-दोन महिने धरा. तिकीट त्यानंतर काढा.

पैसे आणि खोली

लिस्बनमध्ये विद्यार्थ्याला एक खोली साधारण 450 ते 600 युरो महिना पडते. कोइम्ब्रा, ब्रागा, एव्होरा इथे 250 ते 350 मध्ये जमून जातं. हातात निवड असेल तर मी लहान गावाच्या बाजूने आहे. कोइम्ब्राचं विद्यापीठ 1290 सालचं, गावच विद्यार्थ्यांचं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. लिस्बनची मजा शनिवार-रविवारी रेल्वेने जाऊनही घेता येते.

खोलीसाठी आधी विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज करा. नाही मिळालं तर पहिल्या आठवड्यापुरतं प्रवाशांचं हॉस्टेल घ्या, खोली डोळ्यांनी बघा, मगच अनामत द्या. फोटो पाठवून ‘दोन महिन्यांचं भाडं आधी टाका, किल्ली कुरिअरने येईल’ म्हणणारा मालक हा मालक नसतो.

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अनेकदा तिकडे पोचून नोंदणी झाल्यावर हातात येतो. तोवरचा महिना-दीड महिन्याचा खर्च स्वतःचा हवा. फॉरेक्स कार्डावर थोडे आणि रोख थोडे युरो न्या. घरून पाठवलेली रक्कम आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या आत असेल तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. एका सत्राचा खर्च सहसा त्याच्या आत बसतो. आणि इथलं सिमकार्ड बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणार आहे, आणि तो नंबर निष्क्रिय झाला की तुमच्याच खात्यातले तुमचेच पैसे तुम्हाला दिसतात पण काढता येत नाहीत.

सामान

गोव्यातल्या आया बॅग भरतात तेव्हा कपड्यांना जागा उरत नाही, म्हणून नियम सांगते. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे ‘चोरीस’ हे आपलं गोव्याचं सॉसेज गेलं, तूप गेलं, खव्याच्या नेवऱ्या गेल्या. ताजी फळं-भाजी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. अपवाद फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनचा. म्हणजे मानकुराद आंबा अडतो आणि नारळ सुटतो. पोर्तुगालमध्ये नारळ दुकानातही मिळतो, तेव्हा त्याचं वजन उचलायची गरज नाही. आमसुलं, तिरफळं, घरचा मसाला, कुळथाचं पीठ बिनधास्त न्या. सुकी सुंगटं (कोळंबी) नियमात बसतात, पण तीन पदरी प्लास्टिकमध्येही वास लपत नाही आणि बॅगेतले सगळे स्वेटर सत्रभर त्याच वासाचे राहतात.

स्वेटर मात्र हवेतच, आणि ते घरात घालायला. लिस्बनमध्ये जानेवारीत रात्री पारा आठ अंशांच्या आसपास असतो, आकडा ऐकून फारसं काही वाटत नाही. पण तिकडच्या कितीतरी जुन्या घरांत हीटिंगच नसतं, भिंती ओल धरतात, आणि बाहेर उन्हात बरं वाटत असताना खोलीत बोटं गारठतात. थर्मल, लोकरीचे मोजे आणि तिकडे गेल्यावर एक विजेची चादर. आपल्या दोन पिनांचे प्लग तिथे बसतात, जाड तीन पिनांचे बसत नाहीत, त्यासाठी अ‍ॅडॉप्टर न्या. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नव्हे.

पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

पहिली खेप यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात. तिथे आगमनाचं प्रमाणपत्र सही करून मिळतं, शिष्यवृत्तीचे दिवस त्या तारखेपासून मोजतात. ते स्कॅन करून त्याच दिवशी इकडे पाठवा. दुसरी खेप कर कार्यालयात, तिथे निफ नावाचा नऊ आकडी क्रमांक घ्यायचा. भाडेकरार, बँक, इंटरनेट, सगळीकडे तो विचारतात, अगदी सुपरमार्केटच्या गल्ल्यावरही. लिस्बनमध्ये असाल तर प्रवासाचा मासिक पास काढा: शहरापुरता 30 युरो, पूर्ण महानगरासाठी 40. तातडीसाठी फोन 112.

जेवण विद्यापीठाच्या कँटीनमध्ये. सूप, मुख्य पदार्थ, पाव आणि फळ असं ताट तीन युरोच्या आसपास मिळतं, बाहेर त्याच्या तिप्पट मोजाल. शाकाहारी असाल तर घाबरू नका. 2017 च्या कायद्याने सरकारी कँटीनमध्ये शाकाहारी पर्याय ठेवणं बंधनकारक केलं आहे. मासे खाणाऱ्यांची तर चैनच: सार्डिन्या म्हणजे आपली तारली, कावाला म्हणजे बांगडाच जवळजवळ. फक्त हुमण नाही, सगळं निखाऱ्यावर भाजलेलं आणि वर ऑलिव्हचं तेल. तिसऱ्या आठवड्यात कडीची आठवण अनावर झाली की लिस्बनमधल्या मार्तिम मोनिझ परिसरात जा, तिथे डाळ-तांदळापासून कढीपत्त्यापर्यंत सगळी दुकानं आहेत. लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. तिथली मंडळी बहुतेक मोझांबिकमार्गे आलेली गुजराती, पण प्रसाद सगळ्यांना मिळतो.

भाषेबद्दल: मोबाइलवरची बरीच ॲप ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात. लिस्बनची माणसं अर्धे स्वर गिळून बोलतात, त्यामुळे ॲपवर शंभर धडे केलेला माणूसही पहिल्या दिवशी बेकरीत गांगरतो. जाण्याआधी पणजीत तीन-चार महिन्यांचा वर्ग करा, युरोपीय उच्चाराचा.

‘गोव्याची? मग पोर्तुगीज कशी येत नाही?’

हे विचारणार, आणि टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे विचारणार. त्यांच्या डोक्यातला गोवेकर कॅथलिक असतो, फर्नांडिस किंवा डिसोझा असतो, आणि घरी पोर्तुगीज बोलतो. तुम्ही फोंड्याची किंवा डिचोलीची, घरात मराठी वाचणारी, देवळाच्या जत्रेला जाणारी मुलगी आहात हे त्या चित्रात बसत नाही. त्यांच्याकडे आंतोनियो कोश्ता यांचं उदाहरण ठरलेलं असतं: मडगावशी नातं असलेल्या घरातले, आठ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान, आणि डिसेंबर 2024 पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष. त्यावर हसून मान डोलवा.

एखादे आजोबा 1961 विषयी हळवे होऊन बोलतात, ‘आमची इंडिया’ म्हणतात. आपल्या घरात 19 डिसेंबर हा मुक्तिदिन आहे, हे शांतपणे सांगता येतं आणि सांगावं. वर्गात हा विषय निघाला तर उलट संधी आहे. गोव्याच्या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या पेडणे, सत्तरी, काणकोणचं जग त्यांच्या तरुण पिढीला फारसं माहीत नसतं, आणि इतिहासाचे प्राध्यापक अशा विषयावरच्या निबंधाला मनापासून दाद देतात. तुमच्याकडे घरचीच सामग्री आहे, वापरा.

घरच्यांशी बोलताना घड्याळ लक्षात ठेवा. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. तिकडचे रात्रीचे नऊ म्हणजे इकडे पहाटेचे अडीच किंवा दीड. आई जागी राहते आणि तुम्हाला सांगत नाही.

परत येताना

परीक्षा झाली की लगेचचं तिकीट काढायची घाई नको. पोर्तुगालमध्ये नियमित परीक्षेनंतर काही दिवसांनी फेरपरीक्षेचा काळ असतो, त्याला ‘रेकुर्सु’ म्हणतात. एखादा विषय राहिला तर तो तेव्हाच सुटतो, आणि तो प्रत्यक्ष हजर राहूनच द्यावा लागतो असं धरून चला. गोव्यातून ऑनलाइन परीक्षा द्यायला मिळेल या भरवशावर राहू नका. परतीची तारीख त्या काळानंतरची ठेवा, किंवा बदलता येणारं तिकीट घ्या.

निघण्याआधी उपस्थितीचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर जाण्याची तारीख आणि सही बघून घ्या. खोलीच्या मालकाकडून अनामत परत घेताना भिंतींचे फोटो दाखवायला हाताशी असू द्या. तिकडची गुणपत्रिका, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स, निकालानंतर साधारण पाच आठवड्यांत यायला हवी. ती तुमच्या मेलवर आली तरी भागत नाही. आपल्या विद्यापीठाकडे थेट अधिकृत मेलने जाते ना, एवढं विचारून घ्या.

मग ताळगावला अर्ज द्यायचा: सोबत सही झालेला करार, नंतर केलेल्या बदलांचा कागद, गुणपत्रिका आणि रूपांतराचा तक्ता. अर्जाची झेरॉक्स पुढे करा आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का मारून घ्या. परीक्षा विभागात पुढच्या वेळी विचारायला जाल तेव्हा पहिला प्रश्न त्याच क्रमांकाचा असतो.